गवत्याचा रवंथ

फोटोत शेण होतं. माशाचं.

सकाळी सव्वासातला व्हॉट्सॲपवर आला. पाठवणाऱ्या सुरेखाताई, पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या वाडीतल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा. फोटोत त्यांचा ओला तळहात होता आणि तळहातावर हिरव्या दोऱ्यासारखं काहीतरी. खाली मेसेज: "मॅडम मासे हगवणीने आजारी. लवकर या."

मी महाडच्या एका संस्थेत मत्स्य तंत्रज्ञ आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली शेततळी, पाझर तलाव, त्यांतले मासे, हे माझं काम. तेव्हा पदवी घेऊन नोकरीला लागून आठ महिने झाले होते. गाडीला किक मारण्याआधी मी फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि ऑफिसच्या ॲपमध्ये केस नोंदवली, कारण तसा नियम आहे. नियम पाळला ही माझी पहिली चूक. बाकीच्या पुढे येतीलच.

आधी तलावाबद्दल. वाडीच्या खालच्या अंगाला एक छोटा पाझर तलाव आहे. काही वर्षांत तो पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिलानं भरून गेला. वाडीत त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. गुरं पाण्यात उतरेनात, कपडे धुवायला जागा राहिली नाही. त्याआधीच्या एक मेच्या ग्रामसभेत बायकांनी तलाव मागितला. आम्ही मासे सोडतो, मासे शेवाळ खातील, पुढे मासेही विकू. त्याच सभेत गावाच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी दळवी यांनीही तलाव मागितला होता. त्यांना कडेनं काँक्रीट करून पॅडल बोटी सोडायच्या होत्या. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या इथं थांबतील, असा त्यांचा हिशेब.

ग्रामसभेनं तलाव एक वर्षासाठी बायकांना दिला. दोन अटी घातल्या. शेवाळ गेलं पाहिजे आणि पाणी घाण होता कामा नये. वर्षानंतर बघू.

त्या वाडीत जमिनी पुरुषांच्या नावावर आहेत. घरंही. त्यातले निम्मे पुरुष मुंबईत असतात, पण नावं इथं असतात. बायकांच्या नावानं झालेला गावातला पहिला कागद म्हणजे हा तलावाचा करार. सुरेखाताईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या कणगीत ठेवला होता. "उंदीर नाय लागत तिथं," त्या म्हणाल्या होत्या. तांदळाच्या कणगीत उंदीर लागत नाही हे मला पटलं नाही.

आम्ही तलावात रोहू, कटला आणि त्यांच्याबरोबर गवत्या सोडला. गवत्या म्हणजे ग्रास कार्प. नावाप्रमाणे गवत खातो. दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकं खाऊ शकतो. दिवाळीपर्यंत त्यानं शेवाळ साफ केलं. मग त्याला वरून चारा घालायची वेळ आली. बायकांनी पाळी लावली. रोज एका घरानं हिरव्या गवताचा एक भारा आणायचा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बांबूच्या चौकटीत टाकायचा. संध्याकाळी चौकटीत जाड देठं तेवढी उरायची. गवत्या भाऱ्याचा फडशा पाडताना करकर आवाज येतो. लहान मुलं तो ऐकायला यायची, मोठी माणसंही काहीतरी कारण काढून यायची.

तर फोटो.

मी वाडीत पोचले तेव्हा तलावावर सुरेखाताईंबरोबर सोनाकाकी उभ्या होत्या. सोनाकाकींच्या तीन म्हशी आहेत आणि वाडीतल्या सगळ्या गुरांबद्दल त्यांचं मत आहे. माणसांबद्दलही आहे. हिरवा दोरा त्यांनीच पहिल्यांदा पाण्यातून उचलला होता.

"बग," त्यांनी तो बोटांनी चोळून माझ्यासमोर धरला. "गवत तसंच पडतंय. गाईच्या शेणात आख्खी काडी दिसली की समजायचं, पोट बिगडलं. यांचं तर सगळंच आख्खं."

"काकी, ही गाय नाही."

"खाते काय?"

"गवत."

"मंग?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ग्रास कार्प गवत अर्धवटच पचवतो, उरलेलं तसंच बाहेर पडतं, हे मी शिकले होते. परीक्षेत चार मार्कांचा प्रश्न होता. मला साडेतीन मिळाले होते. मी तोंड उघडलं आणि फोन वाजला. मोने सर. माझे साहेब, महाडच्या ऑफिसमधून.

"फोटो बघितला. एन्टरायटिस आहे."

एन्टरायटिस म्हणजे आतड्याला सूज. गवत्याला तो रोग होतो हे खरं आहे.

"सर, पण हे नॉर्मलही असू शकतं. मासे व्यवस्थित खातायत."

"असू शकतं म्हणजे? शंभर टक्के सांगतेस?"

"एक मासा कापून बघते."

"कापू नकोस, उगाच गाव जमेल. ॲपमध्ये केस टाकलीय ना तू? मग ती क्लोज करावी लागेल. किट दे. सात दिवसांचा कोर्स. झालं तर बरं, नाही झालं तर नुकसान काय?"

किट म्हणजे अँटिबायोटिकची पिवळी पावडर. भाताच्या कोंड्यात मिसळून गोळे करून द्यायची. आमच्या ॲपमध्ये केस टाकली की पुढचा रकाना येतो: रोग. त्यावर बोट ठेवलं की अकरा रोगांची यादी उघडते. 'रोग नाही' असा पर्याय तिच्यात नाही. ज्यानं ॲप बनवलं त्याला निरोगी मासा कधी भेटला नसावा.

मी यादीतला चौथा रोग, एन्टरायटिस, निवडला, किट दिलं आणि पावतीवर सही केली. मला ठाऊक होतं आणि तरी केली. हे मी साहेबांवर ढकलणार नाही. पावतीवर त्यांची सही नाही.

पाचव्या दिवशी सुरेखाताईंचा फोन आला.

"मॅडम, आजचा भारा अर्धा उरला."

सातव्या दिवशी भारा जवळजवळ तसाच होता. दहाव्या दिवशी शिमगा आला, आणि शिमग्याबरोबर मुंबईहून चाकरमानी आले, त्यांत दळवीही. तोवर चौकटीत चार दिवसांचं गवत कुजत होतं. बायकांनी पाळी मोडली नव्हती. मासा खात नाही म्हणून घरानं भारा आणायचा नाही, हे कुणाला पटेना. ज्या घराची पाळी, ते भारा टाकत होतं आणि आदल्या दिवशीचा काढायची पाळी कुणाचीच नव्हती. वास वाडीच्या देवळापर्यंत येत होता. उन्हानं पाणी तापायला लागलं होतं आणि तळातून शेवाळाचे कोंभ पुन्हा वर येत होते.

दळवींनी व्हिडिओ काढला. मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू येतो: "ही बघा, आपली जलसंपदा."

एक मेला दीड महिना होता.

दुसऱ्या दिवशी मी ट्रे, कात्री आणि हातमोजे घेऊन वाडीत गेले. सुरेखाताईंनी जाळं टाकून एक गवत्या काढला. सव्वा किलोचा, पण पाठ बसलेली. तलावाच्या दगडावर पळसाची पानं पसरली. बायका गोल बसल्या. गाव जमलं. साहेबांचा अंदाज बरोबर निघाला.

मी आधी डोक्याकडे गेले.

"पोट सोडून डोक्याला कशाला हात घालत्येस गो?" सोनाकाकी.

"दात दाखवते."

"दात तोंडात असतात."

"याचे घशात असतात."

कल्ल्याच्या मागून मी ते हाड काढलं आणि काकींच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि पटकन मागे घेतला.

"किसणीच हाय की."

किसणीच आहे. गवत्या गवत चावतो तो घशात. या दातांनी पातं फाडतो, तुकडे करतो आणि गिळतो. आता हे का लागतं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. झाडपाल्याच्या प्रत्येक पेशीला एक भिंत असते. ती सेल्युलोजची. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. सुती साडी कुणी गिळली तर ती पचणार नाही. तेच सेल्युलोज गवतात असतं. ते फोडणारा रस स्वतःच्या अंगात तयार करणं पाठीचा कणा असलेल्या जवळजवळ कुठल्याच प्राण्याला जमत नाही. माणसाला नाही, माशाला नाही, गाईलाही नाही.

"गाईला नाय?" सोनाकाकींना हे अपमानास्पद वाटलं. "मंग ती पेंढा खाऊन दूध कशाचं देते?"

"तिच्या पोटात सूक्ष्म जीव असतात. डोळ्यांना न दिसणारे. गवत ते फोडतात. त्यांनी फोडलेलं गाय खाते, आणि शेवटी त्यांनाही खाते."

"म्हंजे पाळलेत तिनं."

"हो."

"आनि हा?" त्यांनी माशाकडे बोट केलं.

मी पोट उघडलं. गवत्याला जठरच नसतं. घशाला थेट आतडं. ते मी सोडवून पानावर लांब केलं आणि सुतळीनं मोजलं. माशाच्या लांबीच्या अडीच पट भरलं.

"एवढंच?" सुरेखाताई म्हणाल्या. "बोकडाचं तर अंगणभर जातं."

बरोबर. गाईकडे चार कप्पे आहेत, रवंथ आहे आणि दिवसभराचा वेळ आहे. गवत्याकडे एक आखूड नळी आहे. गवत काही तासांत आत येऊन बाहेर जातं. त्याच्याही आतड्यात ते जीव असतात, तेही सेल्युलोज फोडायला मदत करतात, पण त्यांना वेळच मिळत नाही. म्हणून गवत्याचा धंदा वेगळा. दातांनी भिंती फाडायच्या, आतला रस घ्यायचा, जीवांकडून जमेल तेवढं फोडून घ्यायचं आणि उरलेलं निम्मं टाकून द्यायचं. मग पुन्हा खायचं. थोडं पचतं म्हणून खूप खातो.

आमच्या माशाच्या आतड्यात मात्र फारसं काही नव्हतं. पाणी, शेंबडासारखा चिकटा आणि गवताचे दोन-चार तुकडे. आतडं पातळ, ढिलं.

"हे आजारी पोट," मी म्हटलं.

"ते दिसतंय," सोनाकाकी म्हणाल्या. "चांगलं कसं असतं?"

प्रश्न योग्य होता. मी निरोगी गवत्याचं पोट फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मासा टाकून द्यावा लागेल, अंगात औषध आहे, खायचा नाही, हे मी सांगितलं. सव्वा किलोचा मासा माणसांनी पुरायचा, हे त्यांनी कधी केलं नव्हतं. सुरेखाताईंनी स्वतः खड्डा खणला.

पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी, एका शेतकऱ्याच्या तळ्यात आमचेच गवत्या आहेत. त्याच लॉटचे. तिथं किट गेलं नव्हतं, कारण त्या शेतकऱ्यानं फोटो पाठवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथून एक मासा घेतला, बर्फात ठेवला आणि पोलादपूरवरून वाडीत आणला. पुन्हा दगड, पुन्हा पळसाची पानं, पुन्हा गोल.

हे आतडं गच्च भरलेलं होतं. हिरवंगार. मी शेपटीकडचं टोक कापून दाबलं. बाहेर हिरवा दोरा आला. फोटोतल्यासारखा. अगदी तसाच.

सुरेखाताईंनी फोन काढला, जुना फोटो उघडला, पानाशेजारी ठेवला.

"मॅडम, हा मासा चांगला ना?"

"हो."

"मंग आमचे तवा चांगलेच होते?"

"हो."

"म्हंजे हगवण नव्हतीच."

"नव्हती."

"मंग औषध कशाला दिलंत?"

माझ्याकडे 'ॲपमध्ये पर्याय नव्हता' एवढंच कारण होतं. रोग नव्हता. औषधानं आतड्यातले जीव मारले. रोग आम्ही आणला, सात दिवसांच्या कोर्सनं, कोंड्याच्या गोळ्यांतून, सहीनिशी.

सोनाकाकींनी तेव्हा एक गोष्ट केली जी मला अजून आठवते. त्या म्हणाल्या, "शेण मीच वाचलं चुकीचं. गाईचं म्हनून वाचलं." पदरानं हात पुसले. "आता ऐक. गुरानं रवंथ सोडला तर काय करतात, ठाव हाय?"

"डॉक्टर बोलावतात."

"डॉक्टर पोलादपूरवरनं येईस्तोवर गुरू मरतं. दुसरं चांगलं गुरू रवंथ करत असलं की त्याच्या तोंडात हात घालून चघळ काढायची आनि या गुराच्या तोंडात कोंबायची. दोन-तीन दिवस. रवंथ चालू. माझी आई करायची, मी पन करते."

मला हे अजिबात नवीन वाटायला नको होतं. तीच गोष्ट कॉलेजात आम्हाला इंग्रजीत शिकवली होती, स्लाइडवर, बाणांच्या आकृतीसकट. निरोगी जनावराच्या पोटातले जीव आजारी जनावराच्या पोटात. स्लाइडवर होतं तेव्हा आम्ही वहीत उतरवून घेतलं. वाडीत काकी सांगतात तेव्हा त्याला अंधश्रद्धा म्हणायची आमची तयारी असते. ज्याच्या हातात फॉर्म त्याचा शब्द शास्त्र, आणि जिच्या हाताला शेण ती अडाणी. ही वाटणी कुणी केली, हे एकदा विचारायला हवं. त्या दिवशी मी विचारलं नाही, कारण त्या दिवशी फॉर्मवाली मीच होते.

"मासा रवंथ करत नाही, काकी."

"या पानावर काय पडलंय मंग?"

पानावर निरोगी आतड्यातला ऐवज पडला होता.

एका तळ्यातलं काही दुसऱ्या तळ्यात नेऊ नये, रोग पसरतो, असं आम्हाला शिकवलेलं आहे आणि ते बरोबर आहे. मी दोन दिवस विचार केला. पाचाडचे मासे त्याच लॉटचे, अंगावर जखम नाही, कल्ले लाल. आणखी दोन कापून पाहिले, आत सूज नाही. मग मोने सरांना फोन केला.

"काय देणार म्हणालीस?"

"निरोगी माशांच्या आतड्यातला ऐवज. कोंड्यात मिसळून."

"म्हणजे शेण."

"व्हायच्या आधीचं."

"रिपोर्टमध्ये काय लिहायचं?"

"आहे ते."

"हे बघ, मी हे ऐकलेलं नाही."

ती परवानगी समजून मी कामाला लागले.

आतड्यातला ऐवज बाटलीत काठोकाठ भरायचा, वर हवा राहू द्यायची नाही, कारण यातल्या बऱ्याच जीवांना हवा चालत नाही. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळायची. पाचाडहून वाडीत आणून कोंड्यात मळायची आणि कोवळ्या गवताबरोबर लगेच टाकायची. पाच दिवस, रोज सकाळी. चौकटीतलं कुजकं गवत सुरेखाताईंनी आधीच काढायला लावलं. पाळीत नवा नियम झाला: जिनं टाकलं, तिनंच उरलेलं काढायचं.

आणि मी एक काम शास्त्राप्रमाणे केलं. तलावाच्या कोपऱ्यात हापा लावला. हापा म्हणजे जाळीच्या कापडाचा पाण्यात उभा केलेला पिंजरा. त्यात आठ गवत्या ठेवले. त्यांना गवत मिळणार, पण ऐवजाचे गोळे मिळणार नाहीत. बाहेरचे सुधारले आणि आतले नाही, तर काकींचा उपाय खरा. दोन्ही सुधारले, तर औषध थांबल्यामुळे आपोआप सुधारले. मला हे कळायला हवं होतं. मला लिहायचं होतं.

गोळे सुरू केल्यापासून आठव्या दिवशी चौकटीतून करकर आवाज आला. सुरेखाताईंनी फोन पाण्याजवळ धरून मला ऐकवला. दहाव्या दिवशी भारा अर्धा गेला. बाराव्या दिवशी मी हापा पाहायला गेले. आतले आठही गवत्या तितक्याच जोरात खात होते.

म्हणजे आपोआप सुधारले. मी वहीत तसं लिहायला घेतलं.

"ह्यांना बी लागू पडलं," सोनाकाकी मागून म्हणाल्या.

पेन थांबलं. "काय लागू पडलं?"

"गोळे. रोज दोन टाकत व्हते."

"काकी! यांना द्यायचे नव्हते. सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलंस. पन का द्यायचे नाय, ते सांगितलं नायस." त्या माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. "बाहेरच्यांना द्यायचं आनि आतल्यांना दाखवून द्यायचं नाय, असं पंगतीत करतात काय?"

त्यांचं बरोबर होतं. दात, जठर, आतडं, सगळं मी समजावलं होतं. हापा का लावला, तेवढंच सांगायचं राहिलं होतं. त्यामुळे काकींच्या उपायानं मासे बरे झाले की औषध थांबलं म्हणून झाले, हे मला आजही सांगता येत नाही.

एक मे. देवळासमोरच्या मांडवात ग्रामसभा. आदल्या संध्याकाळी मोने सरांचा फोन: "तिथं औषधाचा विषय काढू नकोस. हवामानामुळे झालं म्हण."

चाकरमानी सुट्टीला आले होते, त्यामुळे मांडव भरला होता. सुरेखाताई करार घेऊन पुढे बसल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाचे दोन दाणे अजून आत. तलावात शेवाळ काठाला उरलं होतं, मधलं पाणी मोकळं झालं होतं. दळवी उठले. माणूस वाईट नाही. गावासाठी खरोखर काही करायचं असतं त्यांना, फक्त ते काँक्रीटमध्ये असतं.

त्यांनी शिमग्याचा व्हिडिओ लावला. मोबाइल हातोहात फिरला.

"पाणी घाण होऊ द्यायचं नाही, अशी अट होती," दळवी म्हणाले. "हे बघा पाणी. यात औषधं पण टाकलेली आहेत. आपली गुरं हे पाणी पितात. मी विचारतो, औषध टाकलं कोणी? गटानं?"

सुरेखाताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या 'संस्थेनं दिलं' म्हणाल्या असत्या तर संपलं असतं, पण संस्थेनं दिलेले मासे, जाळी, चौकट, सगळं माझ्यामार्फत येतं, म्हणजे बोट माझ्याकडेच वळलं असतं. त्या मला सांभाळत होत्या.

मी उठले.

"औषध मी दिलं. पावतीवर माझी सही आहे. माशांना रोग नव्हता. मी मासा न कापता, फोटोवरून औषध दिलं. त्यामुळे मासे खायचे थांबले, गवत कुजलं. व्हिडिओत दिसतंय ते गटामुळे झालेलं नाही. गटानं एकही दिवस पाळी मोडली नाही."

सरपंचांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे तज्ज्ञांनी चूक केली," दळवी म्हणाले, "आणि निस्तरली कोणी?"

"मी," सोनाकाकी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "शेनानं."

हशा पिकला. दळवीही हसले, मग सावरले. "पण पुन्हा असं होणार नाही कशावरून? उद्या दुसरी मॅडम येईल, दुसरं औषध देईल."

"तुमच्या बोटी शेवाळ खातात काय हो?" सोनाकाकींनी विचारलं.

"नाही, पण..."

"मंग अडकल्या की कोन काढनार? तुमी तर शिमग्याला येता."

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही, पण सरपंचांनी मोजले. तलाव गटाकडे तीन वर्षांसाठी. जुन्या दोन अटींत तिसरी वाढली. ग्रामसेवकांनी ती इतिवृत्तात लिहिली, मी वाचली आहे: तलावात कोणतेही औषध टाकण्यापूर्वी श्रीमती सोनाबाई यांना विचारावे. सुरेखाताईंनी नवा करार त्याच पिशवीत घातला.

ऑफिसात मला मेमो मिळाला. विनापरवाना आतड्यातील पदार्थ वापरल्याबद्दल खुलासा करावा. अँटिबायोटिकबद्दल मेमोत काही नव्हतं, त्याला परवाना होता. मी खुलाशात तीन ओळी लिहिल्या. रोग: नव्हता. औषध: दिले. परिणाम: रोग. मोने सरांनी वाचून विचारलं, "असं लिहितात का?" मी म्हटलं, "आपण लिहीत नाही, सर." त्यांनी कागद फाइलला लावला. पुढच्या महिन्यात किट पाठवण्याआधी मासा कापून बघण्याची सूचना त्यांच्याच सहीनं सगळ्या तालुक्यांना गेली. त्यात कुणाचं नाव नव्हतं. चालेल.

ॲपमध्ये ती केस अजून उघडी आहे. बंद करायला रोग निवडावा लागतो आणि यादीत अजून अकराच आहेत. दर सोमवारी मला लाल रंगात आठवण येते.

बाकी एक शिकले. गाईचं ज्ञान माशाला निम्मं लागू पडतं. कुठलं निम्मं, हे मासा कापल्याशिवाय कळत नाही.